गोव्यातल्या गॅलरीकडे पहिलं चित्र नेण्याआधी

माझं पहिलं चित्र घेऊन मी पणजीतल्या एका गॅलरीत गेले, त्याला आता वीस वर्षं होतील. गॅलरीच्या बाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, खिडकीजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं आणि मग भिंतीला टेकवून उलटं केलं. पाठीमागे काहीच नव्हतं. नाव नाही, साल नाही, माप नाही. सुताराने पेन्सिलीने ओढलेली एक रेघ तेवढी होती. "बाये, हे चित्र तीस वर्षांनी कुणाच्या घरात सापडलं, तर ते तुझं हे त्यांना कसं कळायचं?" त्यांनी विचारलं. समोर कोपऱ्यात माझी सही होती, पण ती मला एकटीलाच वाचता येत होती.

चित्र परत घरी आणलं. दोन वर्षांनी त्याच गॅलरीत एका ग्रुप शोमध्ये माझी तीन चित्रं लागली. मधल्या काळात जे शिकले आणि नंतर जे चुकत चुकत कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, शाळेत चित्रकला शिकवून रात्री स्वतःचं काम करणारे, डिचोली-सत्तरीकडे गणपतीच्या चित्रशाळेत हात तयार झालेले, अशा सगळ्यांसाठी हे आहे. चित्रशाळेतून आलेल्यांनी तर मुळीच मागे राहू नये. आषाढ-श्रावणात रात्री जागून शेकडो मूर्तींचे डोळे उघडलेल्या हाताची रेषा चार वर्षांच्या पदवीनेही सहज येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नव्या आणि मधल्या टप्प्यावरच्या कलाकारांना पुढे आणणारी गॅलरी तुमच्याकडे एक चित्र म्हणून बघत नाही. हा माणूस पुढची दहा वर्षं काम करत राहील का, आणि केलेलं काम नीट सांभाळील का, हे ती जोखत असते. त्यामुळे तयारी करायची ती या दोन प्रश्नांची.

कुठल्या दारात उभे आहात ते ओळखा

गोव्यात 'गॅलरी' हा शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात आणि नवखा माणूस इथेच पहिला घोटाळा करतो.

पहिला प्रकार भाड्याच्या दालनाचा. अर्ज करायचा, तारीख घ्यायची, भाडं भरायचं, चित्रं स्वतः लावायची, विकली तर पैसे तुमचे. कांपालची कला अकादमी किंवा पणजीतली इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा इथल्या दालनांत गोव्यातल्या कितीतरी चित्रकारांची पहिली प्रदर्शनं झाली. इथे तुमची निवड करायला आणि तुमच्यासाठी ग्राहक शोधायलाही सहसा कोणी नसतं. मुंबईची जहांगीर १९५२ पासून चालू आहे, तिथेही कलाकार भाडं भरूनच येतो आणि तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबतो.

दुसरा प्रकार संस्थांचा. पणजीच्या आल्तिन्हो टेकडीवरचं सुनापरान्त, जुन्या फोन्ताइन्हास वस्तीतलं फुंदासांव ओरिएन्त, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतलं म्युझियम ऑफ गोवा. इथे प्रदर्शनं, कार्यशाळा, व्याख्यानं चालतात, विक्री हा मुख्य हेतू नसतो. तिसरा प्रकार किनारपट्टीवरच्या दुकानांचा. पर्यटकाच्या बॅगेत मावेल असं नारळाचं झाड आणि मावळता सूर्य तिथे खपतो. त्यात वाईट काही नाही, कितीतरी जणांचं घर त्यावर चालतं. पण तो व्यवहार वेगळा.

चौथा प्रकार म्हणजे आपला विषय. अशी गॅलरी ठरावीक कलाकार निवडते, त्यांची प्रदर्शनं स्वखर्चाने भरवते, कॅटलॉग छापते, संग्राहकांना फोन करते, चित्रं दिल्ली-मुंबईच्या कला मेळ्यांत नेते आणि विक्रीतून कमिशन घेते. ती भाडं मागत नाही. निवड झाल्यावर 'सहभाग शुल्क' मागणाऱ्या गॅलरीला मी तरी नम्रपणे नकार देते, कारण तिचं उत्पन्न कलाकाराच्या खिशातून येत असेल तर चित्र विकलं जाण्याची तिला घाई नसते.

या नात्याचं मोल कळायला मुंबईचा इतिहास बघावा. केकू गांधींचा फ्रेमिंगचा व्यवसाय होता. फ्रेम करून घ्यायला येणाऱ्या तरुण चित्रकारांशी त्यांचं नातं जुळलं आणि त्यातून १९६३ साली केमोल्ड गॅलरी उभी राहिली. मूळचे गोव्याचे वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करायचे. इतक्या सावकाश काम करणाऱ्या माणसाची चित्रं दाखवत राहायला पंडोलसारखी धीराची गॅलरी लागते. असा धीर कुणाकडे आहे, ते शोधणं हे तुमचं पहिलं काम.

एक दिवस फक्त बघायला काढा

पोर्टफोलिओ घरी ठेवा. सकाळी पणजीला उतरा, आल्तिन्हो चढा. १९७२ मध्ये सुरू झालेलं गोवा कला महाविद्यालय तिथेच आहे, सुनापरान्तही तिथून चालत जाण्याइतकं. मग उतरून फोन्ताइन्हासला या. फुंदासांव ओरिएन्तमध्ये आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं नीट पाहा. सांग्यात १८७० साली जन्मलेला हा माणूस मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकला. त्यांनी रंगवलेल्या चेहऱ्यांवर पडलेला उजेड बघायला मी अजूनही वर्षातून एकदा जाते. तिथून जवळच गितांजली गॅलरी, जुन्या घराच्या खोल्यांमधली. शेवटी मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वारातली निळ्या-पांढऱ्या अझुलेजूंची, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या फरशांची भिंत बघून घरी या. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, २०१६ पासून होतो आहे. तेव्हा जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत देशभरातलं काम एकाच जागी दिसतं. त्या दिवसांत तीन-चार दिवस मोकळे ठेवाच.

बघायचं म्हणजे काय? प्रत्येक गॅलरीत तीन गोष्टी वहीत टिपा. कोणत्या वयाच्या, कोणत्या टप्प्यावरच्या कलाकारांचं काम लागलं आहे. मापं आणि किमती कुठून कुठपर्यंत आहेत. किमतीची यादी टेबलावर असते, नसेल तर मागा, कोणी हसत नाही. तिसरी गोष्ट, चित्रं लावली कशी आहेत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येतो, दोन चित्रांमध्ये श्वास घ्यायला जागा असते. हे एकदा डोळ्यांत बसलं की आपल्या घरच्या भिंतीवर स्वतःचं काम तसंच लावून बघावंसं वाटतं. बघाच लावून. पलंगावर पसरलेली दहा चित्रं आणि भिंतीवर नीट लावलेली चार, यांत कुठलं कच्चं आहे ते लगेच दिसतं.

एका गॅलरीची किमान तीन प्रदर्शनं पाहिल्याशिवाय तिला पत्र लिहू नका. अमूर्त चित्रांवर जीव असलेल्या गॅलरीला तुम्ही व्यक्तिचित्रांचा संच पाठवलात, तर तुम्ही तिचं काम पाहिलेलं नाही एवढंच तिला कळतं.

दहा-बारा चित्रांचा एक संच

नव्या मुलांच्या पोर्टफोलिओत मला नेहमी एकच अडचण दिसते. एक निसर्गचित्र, एक गणपती, एक अमूर्त, एक आजीचं पोर्ट्रेट, एक कॉलेजातलं प्रिंट. सगळं येतं हे दाखवायची धडपड असते. गॅलरीला मात्र एका विषयाशी किंवा एका माध्यमाशी तुम्ही किती दिवस झटला आहात ते बघायचं असतं. दहा-बारा कामं अशी हवीत की ती एका घरातली वाटतील.

विषय गोव्याचा हवा अशी सक्ती कुणी करत नाही. पण जवळचं सोडून लांब धावूही नये. देवळांच्या भिंतींवरची कावी बघा. पांढऱ्या चुन्याच्या थरावर तांबड्या मातीचा रंग, वरचा थर खरवडून काढलेली नक्षी. खाणीच्या पट्ट्यातल्या माणसाला लाल धुळीबद्दल जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला नाही. सांत इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मेरीला साडी नेसवली, तेव्हा इथल्याच लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि त्यांची उमेदीची वर्षं पुण्यात गेली. आज त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत. आपल्या मातीतली आणि तरीही फक्त आपली अशी नजर तयार व्हायला वेळ लागतो. गॅलरीवाले तो वेळ ओळखतात.

संचासोबत मनोगत लागतं. दीडशे शब्द पुरेत. मराठीत विचार करा, मराठीत लिहा, मग हवं तर कुणाकडून इंग्रजी करून घ्या. उलट्या वाटेने गेलात तर 'अस्तित्वाच्या गूढ पोकळीचा शोध' अशी वाक्यं होतात आणि त्यांतून चित्राबद्दल काहीच कळत नाही. "माझे वडील मिठागरात काम करायचे. मिठाच्या कोंडीत पाणी आटताना जे चौकोन दिसतात, ते मी तीन वर्षं काढते आहे." हे एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर बसून लिहिलं. त्यात एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

पावसाळा आणि चित्राची पाठ

हा भाग सावकाश वाचा, कारण गोव्यात सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं.

जून ते सप्टेंबर आपल्या हवेत पाणीच असतं. चिऱ्याची भिंत ओल धरते. माझा कागदावरच्या जलरंगांचा एक संच मी एका जूनमध्ये कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवला होता. चवथीच्या साफसफाईला बाहेर काढला तर आभाळाच्या निळ्या वॉशवर खसखशीएवढे तपकिरी ठिपके. पुसले तर पसरले. अकरापैकी सात गेली. त्या वर्षी काही दाखवायलाच उरलं नाही.

तेव्हापासून पाळते ते असं. कागद आम्लरहित, सुती आणि शक्यतो ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड. महाग पडतो, पण स्वस्त कागद दहा वर्षांत पिवळा पडला की ज्याने विकत घेतलं त्याला तोंड दाखवता येत नाही. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा बोर्डही आम्लरहितच. फ्रेमवाले हार्डबोर्ड ठोकून देतात, त्यांना आधी बजावून सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जागा हवी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची छोटी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांमध्ये हवा खेळते. आमचे फ्रेमवाले मामा याला 'चित्राच्या चपला' म्हणतात. कॅनव्हास जमिनीवर नको, लाकडी फळीवर उभे. चित्राच्या तोंडाला दुसऱ्या चित्राचं तोंड लावायचं नाही. ॲक्रिलिक दमट उन्हाळ्यात चिकट होतं आणि एकमेकांना धरून बसतं. गुंडाळताना आधी ग्लासिन हा गुळगुळीत, न चिकटणारा कागद, मग बबल रॅप. बुडबुडे थेट रंगावर आले की गोल ठसे उठतात आणि ते जात नाहीत. तैलरंग असतील तर शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने, रंग आतून सुकल्यावर. प्रदर्शनाची तारीख घेताना हे गणित धरून चाला.

आता पाठ. प्रत्येक कामाच्या मागे स्वच्छ अक्षरात हे लिहा: तुमचं पूर्ण नाव, चित्राचं शीर्षक, साल, माध्यम, माप आणि तुमच्या नोंदवहीतला क्रमांक. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. कॅनव्हासवर थेट शाईच्या पेनने लिहू नका, समोर उमटू शकतं. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीच्या पट्टीवर लिहा किंवा पट्टीवर चिठ्ठी लावा. कागद असेल तर मऊ पेन्सिल. प्रिंट (ठशावरून छापलेलं चित्र) असेल तर खाली डावीकडे आवृत्तीचा आकडा, म्हणजे १० मधलं तिसरं असेल तर ३/१०. दहा म्हटलं की दहाच. अकरावं काढायचं नाही. टांगायला दोन्ही बाजूंना डी आकाराच्या कड्या, वरून एक तृतीयांशावर, आणि मजबूत तार. खिळ्याला सुतळी बांधून आणलेलं चित्र बघून गॅलरीतला माणूस काही बोलत नाही, पण मनात नोंद होते.

नोंदवही साधी दोनशे पानी चालते. क्रमांक, शीर्षक, माप, माध्यम, साल, किंमत, कुठे दाखवलं, कोणाकडे आहे, कधी परत आलं. सोबत प्रत्येक चित्राचा चांगला फोटो. ढगाळ दिवशी घराच्या बाल्कांवात (पुढच्या ओसरीवर), फ्लॅशशिवाय, फोन चित्राला अगदी समांतर धरून. फ्रेमला काच लावायच्या आधी फोटो काढा, नाहीतर चित्रात शेजारची माडाची झाडं दिसतात.

किंमत

सगळे इथे अडखळतात, कारण मनात 'माझ्या कष्टांचे किती' हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. त्यापेक्षा एक नियम ठरवा आणि सगळ्या चित्रांना तोच लावा.

दोन पद्धती चालतात. एक क्षेत्रफळाची. समजा दर चौरस इंचाला ३५ रुपये धरला, तर २४ × ३० इंचाचं चित्र ७२० चौरस इंच, म्हणजे २५,२०० रुपये. दुसरी बेरजेची. उंची आणि रुंदी मिळवायची, २४ + ३० = ५४, दर ४५० धरला तर २४,३०० रुपये. या मापाला दोन्हींत फारसा फरक नाही. पण चित्र दुप्पट उंच, दुप्पट रुंद केलं की बघा: ४८ × ६० इंचाला पहिल्या पद्धतीने १,००,८०० आणि दुसऱ्या पद्धतीने ४८,६०० रुपये. नव्या कलाकाराच्या मोठ्या चित्राला लाखाची किंमत लागली की ते भिंतीवरच राहतं. म्हणून सुरुवातीला मी बेरजेची पद्धत सुचवते. दराचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचा दर तुमच्या टप्प्यावरच्या इतर कलाकारांच्या किमती वहीत टिपल्यात, त्यावरून ठरवा.

गॅलरीचं कमिशन साधारण ३० ते ५० टक्के असतं. ४० टक्के धरलं तर २५,२०० च्या चित्राचे तुमच्या हाती १५,१२० येतात. त्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेम, टेंपोचं भाडं वजा करा. उरलेला आकडा तुम्हाला परवडत नसेल, तर दर आत्ताच बदला. चित्र लागल्यावर बदलता येत नाही. कमिशन ऐकून खूप जण चिडतात. दालनाचं भाडं, दिवे, नोकरांचे पगार, कॅटलॉग, कला मेळ्यातल्या स्टॉलचा खर्च आणि वर्षानुवर्षं जपलेली ग्राहकांची ओळख हे सगळं त्यातूनच येतं. गॅलरी हे खरंच करत असेल तर ते कमिशन तिने कमावलेलं असतं.

गॅलरीतली आणि घरातली किंमत एकच ठेवा. "गॅलरीत कशाला, घरी येतो, कमिशन वाचेल," असं म्हणणारा ग्राहक तुम्हाला भेटणारच. गोवा लहान आहे. सांजेला चित्र विकलेलं सकाळी म्हापशात कळतं. एकदा असं केलंत की ती गॅलरी पुढच्या वेळी फोन करत नाही.

हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तुम्हाला नोंदणी लागते का ते तुमच्या उलाढालीवर ठरतं, सीएला एकदा विचारून घ्या. पॅन कार्ड आणि बँकेचा तपशील मात्र पहिल्या दिवसापासून तयार हवा.

लिहायचं कधी आणि कसं

गोव्याचा कलेचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्या काळात गॅलरीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रदर्शनं सहा महिने ते वर्षभर आधी ठरलेली असतात. म्हणून पत्र पाठवायचं ते पावसात, जून-जुलैमध्ये. चवथीच्या आठवड्यात कुणाला काही विचारू नका.

ईमेल आठ-दहा ओळींचं पुरे. तुम्ही कोण, काय करता, त्यांचं कुठलं प्रदर्शन पाहिलंत आणि तुमचं काम तिथे का बसेल असं तुम्हाला वाटतं. सोबत एकच पीडीएफ, बारा ते पंधरा चित्रं, प्रत्येकाखाली शीर्षक, साल, माध्यम, माप. फाइलला तुमचं नाव द्या. व्हॉट्सॲपवर चाळीस फोटो टाकू नयेत, आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काखेत पोर्टफोलिओ मारून तर अजिबात जाऊ नये. ती संध्याकाळ दुसऱ्या कलाकाराची असते. त्याचं काम बघा, त्याला दोन शब्द चांगले सांगा.

उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एकदा आठवण करा. तरीही नाही आलं तर पुढच्या वर्षी नव्या कामासह. नकार आला तर तो जपून ठेवा, विशेषतः त्यात एखादं कारण असेल तर. मला आलेल्या एका नकारात 'रंग फार घाईत बंद होतात' असं वाक्य होतं. चार महिने त्यावर विचार केला. ते बरोबर होतं.

कागदावर घ्या

माझ्या सुरुवातीच्या काळात एका गॅलरीत मी पाच चित्रं दिली. चहा झाला, आपुलकीच्या गप्पा झाल्या, पावती घेतली नाही. दीड वर्षाने दालन बंद झालं. तीन चित्रं परत मिळाली, दोन 'बहुतेक विकली' असं कळलं, कोणाला ते कुणालाच सांगता येईना. माझ्याकडे दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती. पैशांपेक्षा त्या दोन चित्रांचा फोटोही माझ्याजवळ नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून गॅलरी कितीही ओळखीची असली तरी चित्रं देताना दोन प्रतींत यादी करा आणि सही घ्या. यादीत प्रत्येक चित्राचा क्रमांक, माप, ठरलेली किंमत. त्याखाली या गोष्टी: कमिशन किती, ग्राहकाला सूट दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, नेण्या-आणण्याचा आणि फ्रेमचा खर्च कुणाचा, चित्र गॅलरीत असताना विमा कुणाचा, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत, न विकलेलं कधी परत. गॅलरी 'फक्त आमच्याकडेच' असं म्हणत असेल, तर कुठल्या प्रदेशासाठी आणि किती काळ, तेही लिहा. पहिल्याच वर्षी सगळ्या देशासाठी पाच वर्षं स्वतःला बांधून घेऊ नका. गोव्यापुरतं एक-दोन वर्षांचं बोलून बघा. चांगली गॅलरी या प्रश्नांनी नाराज होत नाही, बहुतेकदा तिच्याकडे छापील नमुना तयार असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट कलाकाराचा. चित्र विकलं म्हणून तो ग्राहकाकडे जात नाही. हा हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. म्हणजे तुमचं चित्र विकत घेणाऱ्या हॉटेलला ते आपल्या मेनू कार्डावर किंवा टी-शर्टवर छापायचं असेल, तर तुमची परवानगी हवी. पैसे घेऊन कुणाच्या मागणीवरून केलेल्या पोर्ट्रेटला मात्र वेगळा नियम आहे. तिथे उलट काही ठरलेलं नसेल तर हक्क पोर्ट्रेट करून घेणाऱ्याचा, तेव्हा आधीच बोलून घ्या. कलम ५७ कलाकाराच्या नावाचं आणि कामाच्या अभंगतेचं रक्षण करतं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवून टाकलं, तेव्हा ते याच कलमावर लढले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयात जिंकले. कलम ५३-अ नुसार मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्यातही कलाकाराला वाटा मागता येतो. पण चित्र कुणाकडे आहे हेच माहीत नसेल तर मागणार कुणाकडे? ग्राहकाचं नाव गॅलरीकडून मागून नोंदवहीत लिहा. काही गॅलऱ्या ते द्यायला नाखूश असतात; निदान शहर आणि तारीख तरी घ्या.

प्रदर्शन लागल्यावर

मांडणीच्या दिवशी हजर राहा, पण क्युरेटरच्या, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्याच्या, मध्ये पडू नका. उद्घाटनाची बातमी गॅलरी देतेच, तरी गावातल्या लोकांना, शाळेतल्या बाईंना, फ्रेमवाल्या मामांना तुम्ही स्वतः बोलवा. आपल्याकडे नाटकाला, भजनाला अख्खा वाडा जातो. गॅलरीच्या काचेच्या दाराशी मात्र तीच माणसं बुजतात. तिकीट असेल, इंग्रजी बोलावं लागेल, काही घ्यावं लागेल, असं वाटत असतं. माझ्या आईला मी पहिल्यांदा हाताला धरून आत नेलं, तेव्हा तिने चपला बाहेर काढल्या होत्या. आत आल्यावर एका चित्रासमोर ती थांबली. मागच्या परसातल्या विहिरीवरचं रहाट मी त्यात तिरपं काढलं होतं. तिने मला ते सरळ करून दाखवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मुंबईच्या ग्राहकाला ते रहाट कसं ओढायचे तेही सांगितलं. ते चित्र त्यांनीच घेतलं.

चित्राशेजारी लाल टिकली लागली की विकलं गेलं असं समजतात. पहिल्या प्रदर्शनात एकही टिकली लागली नाही तरी खचू नका. कोण किती वेळ कशासमोर थांबलं ते बघत राहा, तेही वहीत येऊ दे. येणाऱ्यांसाठी वही ठेवलेली असते, तिच्यातली नावं-पत्ते गॅलरीचे असतात. परस्पर त्यांना फोन करू नका.

मधल्या टप्प्यावर आलेल्यांसाठी दोनच गोष्टी. दर वाढवायचा तर दोन वर्षांतून एकदा, दहा-पंधरा टक्क्यांनी, आणि आधीच्या ग्राहकाला वाईट वाटेल असा कधीच खाली आणायचा नाही. आणि चाळिशीनंतर गॅलरीला जे खपतं तेच काढत राहायचा मोह होतो. चित्रकार लक्ष्मण पै मडगावातून मुंबईला, तिथून दहा वर्षं पॅरिसला गेले, मग इथे येऊन दहा वर्षं कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि त्यांची रेषा बदलतच राहिली. नवी मालिका सुरू केलीत तर गॅलरीला आधी स्टुडिओत बोलवा, अर्धवट काम दाखवा. तिने आयत्या वेळी बघून दचकावं असं करू नका.

प्रदर्शन उतरलं की यादी घेऊन जा आणि प्रत्येक चित्र समोर उलटसुलट करून तपासा. कोपरा दबला असेल तर तिथेच दाखवा, तिथेच फोटो काढा. ठरलेल्या दिवसांत पैसे आले नाहीत तर एक साधं स्मरणपत्र ईमेलने, फोनवर नको. परत आलेली चित्रं घरी आणून नोंदवहीत तारीख टाका, 'चपला' जागेवर आहेत का बघा, आणि मे संपायच्या आत ती भिंतीपासून चार बोटं लांब, फळीवर उभी करून ठेवा.